नकाशात सोडलेली मोकळी जागा

राजकारणात वकील भरपूर सापडतात. आपल्या स्वातंत्र्यलढ्याचं पुढारपण केलेल्यांतले कितीतरी जण कायदा शिकलेले होते. शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, लष्करी अधिकारी, नट असे सगळ्या प्रकारचे लोक जगात राष्ट्रप्रमुख झाले आहेत. वास्तुकार मात्र विरळा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात असा एक होऊन गेला. इमारती आखण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला, त्या विषयाचं मासिक काढणारा आणि तोच विषय विद्यापीठात शिकवणारा हा माणूस दोनदा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचं नाव फर्नांडो बेलाउंदे तेरी. पहिली कारकीर्द 1963 ते 1968. ती लष्करानं मोडली. दुसरी 1980 ते 1985. ती त्यांनी पूर्ण केली. माणूस सज्जन, हात स्वच्छ, पण स्वप्नाळू, नकाशात रमणारा, असं त्यांच्याबद्दल पेरूत सर्रास म्हटलं जातं. मला हे मत अपुरं वाटतं. बेलाउंदे यांचं यश आणि अपयश एकाच सवयीतून आलेलं दिसतं. आधी जागा पाहायची, मग तिथं काय उभं राहील ते कल्पायचं, ही वास्तुकाराची सवय. जिथं त्यांनी आराखडा अर्धा ठेवून उरलेला लोकांवर सोडला तिथं काम टिकलं, आणि जिथं जमीन मोकळी आहे असं धरून रेघ ओढली तिथं ते फसलं. त्यांचं चरित्र या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखं आहे.

जन्म 7 ऑक्टोबर 1912 चा, लिमा शहरातला. घराणं आरेकिपाचं, जुनं आणि राजकारणात मुरलेलं. हुकूमशहा लेगिया यांच्याशी वडिलांचं पटलं नाही, म्हणून 1924 मध्ये कुटुंबाला देश सोडून फ्रान्स गाठावं लागलं. कोवळ्या वयातला मुलगा पॅरिसमध्ये वाढला आणि पुढं अमेरिकेत गेला. 1935 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून त्यानं वास्तुकलेची पदवी घेतली. वाढत्या वयाची जवळजवळ बारा वर्षं परदेशात काढलेला हा तरुण मायदेशी परतला तेव्हा त्याला आपला देश नव्यानं ओळखून घ्यावा लागणार होता. 1937 मध्ये त्यानं ‘एल आर्किटेक्टो पेरुआनो’ नावाचं मासिक सुरू केलं. नावाचा अर्थ सरळ आहे, पेरूचा वास्तुकार. श्रीमंतांच्या बंगल्यांचे फोटो त्यात असत, पण संपादकाचा जीव अडकला होता तो सामान्यांच्या घरांत. शहरं कशी वाढतात, मजूर राहतो कुठं, सरकारनं घरं बांधावीत की नाही, या प्रश्नांवर मासिक वर्षानुवर्षं लिहीत राहिलं. हे मासिक म्हणजे राजकारणाची शिडी होती असा आक्षेप घेता येईल, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण नुसती शिडी असती तर त्यातला मजकूर कायद्यात उतरला नसता.

तो उतरला 1945 नंतर. त्या वर्षी बेलाउंदे लोकप्रतिनिधी म्हणून संसदेत गेले आणि तीनच वर्षांत त्यांनी असं काम केलं की पुढच्या कुठल्याही पदाशिवायही ते लक्षात राहिले असते. राष्ट्रीय गृहनिर्माण महामंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या लोकांना मालकी हक्क देणाऱ्या कायद्यामागंही तेच होते. सोसायटीत फ्लॅट घेणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण जिथं घराची मालकी म्हणजे जमिनीची मालकी असं समीकरण होतं, तिथं हा कायदा मध्यमवर्गाला शहरात पाय रोवू देणारा ठरला. त्याच काळात लिमा आणि काल्याओ बंदर यांच्या मधल्या पट्ट्यात ‘उनिदाद वेसिनाल 3’ ही वसाहत आखली गेली. तरुण वास्तुकारांच्या गटानं ती रेखली आणि बेलाउंदे यांनी तिचा पाठपुरावा केला. सुमारे 1,100 घरं, दोन ते चार मजली बुटक्या इमारती, मोटारी बाहेरच्या कडेनं, आत पायवाटा आणि झाडं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, बाजार, चर्च. मुलाला शाळेत जाताना मोटारीचा रस्ता ओलांडावा लागू नये, ही साधी अट धरून सगळी मांडणी केलेली. 1948 मध्ये जनरल ओद्रिया यांनी सत्ता बळकावली आणि बेलाउंदे यांची खासदारकी संपली. ते पुन्हा शिकवायला लागले.

पण एव्हाना लिमा कुठल्याही आराखड्याच्या हाताबाहेर गेलं होतं. 1940 मध्ये सहा लाखांच्या घरात असलेली वस्ती 1972 पर्यंत तीस लाखांच्या पुढं गेली. अँडीज डोंगरातून उतरलेली माणसं शहराभोवतीच्या वाळवंटी टेकड्यांवर वेताच्या चटयांची खोपटी उभारत होती. त्या वस्त्यांना तिथं ‘बार्रियादा’ म्हणतात. हजारेक नेटक्या घरांची वसाहत या लोंढ्यापुढं फारच थोडी होती. हा प्रश्न घरांचा नसून डोंगरातल्या गावांचा आहे, तिथं जगता येत नाही म्हणून माणूस इथं येतो, हे बेलाउंदे यांनी ओळखलं होतं. 1956 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते तरुणांच्या आघाडीतर्फे उतरले. निवडणूक मंडळ त्यांची उमेदवारी नोंदवून घेईना. 1 जूनला त्यांनी लिमाच्या मध्यवस्तीत मोर्चा काढला. पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे सोडले. भिजलेल्या अंगानं, हातात राष्ट्रध्वज घेऊन बेलाउंदे पोलिसांच्या रांगेसमोर गेले आणि उमेदवारी मान्य करण्याची मुदत देऊन आले. उमेदवारी मान्य झाली. निवडणूक हरले, दुसरे आले, पण त्या संध्याकाळच्या छायाचित्रानं त्यांना देशभर पोचवलं.

त्यानंतरची सात वर्षं मला त्यांच्या आयुष्यात सगळ्यात मोलाची वाटतात. लिमाचे पुढारी लिमातच राजकारण करत. बेलाउंदे गावोगाव हिंडले, खेचरावरून, होडीतून, पायी. अक्सिओन पोपुलार या आपल्या पक्षाची स्थापनाही त्यांनी राजधानीत न करता आपुरिमाक भागातल्या चिंचेरोस या डोंगरी गावात केली. पक्षाची निशाणी होती फावडं. 1959 मध्ये त्यांना अटक करून एल फ्रोंतोन बेटावरच्या तुरुंगात टाकलं, तेव्हा त्यांनी समुद्रातून पोहून निसटायचा प्रयत्नही केला. पण तुरुंगापेक्षा त्यांना घडवलं ते या भटकंतीनं. ही शाळा कुणी बांधली, हा पूल कुणी घातला, असं विचारलं की गावकरी गावाकडं बोट दाखवत. इंका काळापासून तिथं दोन रीती चालत आलेल्या आहेत. एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायची ‘आयनी’, आणि सगळ्या गावानं मिळून एखादं काम उरकायची ‘मिंका’. मराठी शेतकऱ्याला या रीती समजावून सांगायला नकोत. आपल्याकडची सावड आणि इरजिक ही याच जातीची आहेत. शिकलेल्या वास्तुकाराला इथं कळून चुकलं की आपला देश बांधकाम जाणतो. त्याला हवं आहे ते सिमेंट, अवजारं आणि थोडं तांत्रिक मार्गदर्शन.

1962 च्या निवडणुकीत कुणालाच आवश्यक तितकी, म्हणजे एकतृतीयांश, मतं मिळाली नाहीत. बेलाउंदे यांनी गैरप्रकाराची ओरड केली आणि लष्करानं तेच कारण पुढं करून सत्ता हाती घेतली. लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या नेत्यानं तेव्हा बराकींकडं आशेनं पाहिलं, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी लपवू नये. वर्षभरानं फेरनिवडणूक झाली. ते जिंकले, आणि 28 जुलै 1963 ला त्यांनी पदाची शपथ घेतली. पहिल्याच वर्षात त्यांनी दोन गोष्टी केल्या. सुमारे चार दशकं लिमातून नेमल्या जाणाऱ्या महापौरांच्या जागी त्यांनी देशभर नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या. आणि ‘कोओपेरासिओन पोपुलार’, म्हणजे लोकसहकार्य, नावाची योजना आखली. गावानं काम सुचवायचं, गावानं हात लावायचे, सरकारनं अवजारं आणि साहित्य पुरवायचं. सुट्टीत विद्यापीठांतली मुलं-मुली डोंगरात जाऊन राबली. विरोधी बहुमत असलेल्या संसदेला या विद्यार्थ्यांत साम्यवाद दिसू लागला आणि तिनं योजनेचा निधी छाटला. तरी शाळा, पाणवठे, कच्चे रस्ते उभे राहिले. या दोन्ही कामांत सरकारनं चौकट दिली होती आणि आतलं चित्र गावानं भरलं होतं.

आता दुसरी बाजू. पेरूच्या डोंगरातला मुख्य तंटा घराचा नव्हता, जमिनीचा होता. चांगली शेतजमीन मोठ्या जमीनदारांच्या हासिएंदांकडं होती आणि त्यावर राबणारा शेतकरी वेठबिगारीच्या जवळपास जगत होता. निवडणुकीत जमिनीचं आश्वासन मिळालेलं असल्यामुळं 1963 च्या अखेरीस कुस्को भागात शेतकऱ्यांनी हासिएंदांवर बसकण मारायला सुरुवात केली. सरकारनं पोलीस पाठवले, गोळीबार झाले. 1964 मध्ये जमीनसुधारणा कायदा झाला खरा, पण किनाऱ्यावरचे ऊस-कापसाचे मोठे मळे त्यातून जवळपास सुटले आणि जे सापडले त्यांच्यावरची कारवाईही इतक्या पायऱ्यांची की वर्षं निघून जात. याच काळात राष्ट्राध्यक्षांचं मन होतं ‘कार्रेतेरा मार्हिनाल दे ला सेल्वा’ या रस्त्यात. अँडीजच्या पूर्व उतारावरून, ॲमेझॉनच्या जंगलाच्या कडेकडेनं जाणारा हा महामार्ग शेजारच्या देशांतल्या रस्त्यांना जोडायचा आणि वाटेत नवी शेतजमीन खुली करायची, अशी कल्पना होती. म्हणजे जमीनदाराची जमीन काढून घेण्याऐवजी, किंवा निदान तिच्या जोडीला, नवी जमीन तयार करायची. कुणाचं काही न हिरावता सगळ्यांना देता येईल असा हा मार्ग होता, आणि वास्तुकाराला तो मोहात पाडणार यात शंका नाही. रिकाम्या प्लॉटवर काम करणं जुन्या, भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याच्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही सोपं.

पण प्लॉट रिकामा नव्हता. 1964 मध्ये रेकेना या नदीकाठच्या गावातून जंगलात रस्त्याचा मार्ग शोधायला निघालेल्या तुकडीवर मात्सेस आदिवासींनी हल्ला केला. सरकारनं विमानं धाडून त्यांच्या वस्त्यांवर बॉम्ब टाकले. हा रस्ता ‘मार्हिनाल’ नव्हे, वेगळा. पण दृष्टी तीच. ज्यांचं ते घर होतं ती माणसं नकाशावर कुठं नव्हतीच, आणि ती समोर आली तेव्हा अडथळा ठरली. मार्हिनाल पुढं तुकड्यातुकड्यानं होत राहिला आणि आज त्याला बेलाउंदे यांचंच नाव आहे. तारापोतो, हुआनहुई, तिंगो मारिया ही गावं त्यानं एकमेकांशी जोडली. तांदूळ, मका, कॉफी बाजारात जाऊ लागली. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो रस्ता नको म्हणणार नाही, हे मान्य करायला हवं. त्याबरोबरच रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जंगल तुटत गेलं. वरच्या वायागा खोऱ्यात वसवलेल्या शेतकऱ्यांना भाताचा भाव परवडेना, तेव्हा कोकाचं पीक आलं, त्यामागं कोकेनचे व्यापारी आणि त्यांच्या मागोमाग बंदूकधारी. रस्ता आखताना त्याच्या शेवटी कोणता बाजार आहे हा प्रश्न नीट विचारला गेला नव्हता.

इथं बेलाउंदे यांचे समर्थक एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. संसदेत आप्रा पक्ष आणि ओद्रिया यांच्या गटाची युती बहुमतात होती. एकेकाळचे हाडवैरी केवळ राष्ट्राध्यक्षाला जेरीस आणण्यासाठी एकत्र आले होते. त्यांनी मंत्री पाडले, अंदाजपत्रकं अडवली, जमीन कायद्यातली कलमं बोथट केली. अशा अवस्थेत राष्ट्राध्यक्ष काय करणार? हे सगळं खरं आहे. पण रस्त्यासाठी, धरणांसाठी, घरांसाठी याच संसदेकडून पैसे निघाले आणि कमी पडले तिथं परदेशी कर्ज काढलं गेलं. जमीनदारांशी भांडण घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र लोकांपुढं जाऊन संसदेवर दबाव आणण्याचं काम, जे 1956 मध्ये फवाऱ्यांसमोर त्यांनी करून दाखवलं होतं, ते त्यांनी केलं नाही. अडवणूक दोन्हीकडं होती, नेट एकीकडंच लावला गेला. 1965 मध्ये डोंगरात बंडखोरांच्या टोळ्या उठल्या. त्या मोडायला लष्कर गेलं आणि मोडून परत आलं ते हा प्रश्न पोलिसी नाही, जमिनीचा आहे, असं मत घेऊन. 1967 मध्ये चलनाचं अवमूल्यन करावं लागलं. 1968 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी तेल कंपनीशी तलारा इथं करार झाला, त्याचं अकरावं पान गहाळ असल्याचा आरोप झाला आणि सरकारची उरलीसुरली पत गेली. 3 ऑक्टोबरच्या पहाटे रणगाडे राजवाड्याशी आले. जनरल वेलास्को यांनी सत्ता घेतली, बेलाउंदे यांना विमानात बसवून ब्वेनोस आइरेसला धाडलं. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, वेलास्को यांनी ऊसमळ्यांसह हासिएंदा ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. निवडून आलेल्या सरकारला जमलं नाही ते बंदुकीनं केलं, आणि पेरूच्या लोकशाहीला ही तुलना फार महागात पडली.

बेलाउंदे अमेरिकेत गेले आणि तिथल्या विद्यापीठांत शिकवून राहिले. साठवलेला पैसा नव्हता. हातात होता तो जुना पेशा. बारा वर्षांनी, 18 मे 1980 च्या निवडणुकीत ते सुमारे 45 टक्के मतांनी परत आले. निरक्षर नागरिकांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळालेली ती निवडणूक होती. लष्करानं ताब्यात घेतलेली वर्तमानपत्रं त्यांनी पहिल्याच दिवशी मूळ मालकांना परत केली. पण मतदानाच्या आदल्या रात्री आयाकुचो भागातल्या चुस्ची या खेड्यात ‘सेंदेरो लुमिनोसो’ या माओवादी गटानं मतपेट्या जाळल्या होत्या. सरकारला दोन वर्षं ही किरकोळ गुंडगिरी वाटत राहिली. 1968 विसरणं शक्य नसलेला राष्ट्राध्यक्ष लष्कराला बराकीतून बाहेर काढायला कचरत होता, आणि 1982 च्या डिसेंबरात काढलं तेव्हा त्याच्यावर लगाम ठेवला नाही. 1983 आणि 1984 ही त्या यादवीतली सर्वांत रक्तरंजित वर्षं ठरली. सत्यशोधन आयोगानं 2003 मध्ये वीस वर्षांतल्या बळींचा अंदाज 69 हजारांवर दिला, त्यात बहुसंख्य केचुआ बोलणारे गरीब शेतकरी होते. आणि या काळातल्या मुलकी सत्तेनं जबाबदारी लष्कराच्या हाती सोपवून टाकली असा ठपका ठेवला. याचा वास्तुकलेशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर थेट काहीच नाही, हे मी कबूल करतो. सगळंच एका सूत्रात बसवायचा हट्ट धरू नये. कर्जाचा डोंगर, 1983 चा एल निनो, शंभर टक्क्यांवर गेलेली महागाई हेही त्या सूत्रात बसत नाही. एवढंच नोंदवतो की ज्या गावांनी फावडं निशाणीवर विश्वास ठेवला होता त्याच प्रदेशातली गावं सेंदेरो आणि लष्कर यांच्यात चिरडली गेली, आणि त्या काळात लिमात सान बोर्हा, लिमातांबो इथं मध्यमवर्गासाठी देखणे मनोरे उभे राहत होते.

त्या कारकिर्दीत एक गोष्ट मात्र त्यांनी तशीच जपली. 1980 च्या अखेरीस पुन्हा नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. 1983 मध्ये लिमाचं महापौरपद सत्ताधारी पक्षाकडून मार्क्सवादी आल्फोन्सो बारांतेस यांच्याकडं गेलं. दूरवर डाव्यांचं सशस्त्र बंड चालू असताना राजधानी एका डाव्या माणसाच्या हाती गेली, आणि राष्ट्राध्यक्षांनी निकाल मुकाट मान्य केला. 28 जुलै 1985 ला त्यांनी आप्राच्या आलान गार्सिया यांच्याकडं सूत्रं दिली. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षानं निवडून आलेल्याच दुसऱ्याला अधिकार सोपवण्याचा हा चाळीस वर्षांतला पहिला प्रसंग मानला जातो. पुढं बेलाउंदे तहहयात सिनेटर होते, 1992 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी संसद बरखास्त करेपर्यंत. 4 जून 2002 ला लिमात त्यांचं निधन झालं.

लिमाच्या उत्तरेला मात्र त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या एका कल्पनेचं पीक उभं आहे. बार्रियादातली माणसं पैसा येईल तशी खोली वाढवत जातात, तर सरकारी घरही वाढणारं का नसावं, हा विचार ‘प्रेवी’ या प्रकल्पामागं होता. पीटर लँड या इंग्रज वास्तुकाराच्या सल्ल्यानं आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं तो आखला गेला. तेरा पेरूचे आणि तेरा परदेशी वास्तुकार गट त्यात उतरले, आणि परदेशी यादीत जेम्स स्टर्लिंग, आल्दो व्हान आयक यांच्या पंगतीला आपल्या मुंबईचे चार्ल्स कोरिया होते. कोरियांची घरं अरुंद आणि लांबट, एकमेकांत गुंतलेली, वारा आत ओढून घेणारी. स्पर्धा झाली तोवर बेलाउंदे हद्दपार झालेले होते. घरं सत्तरच्या दशकात लष्करी राजवटीत बांधून झाली, पाचशेच्या आसपास. पुढं 1980 च्या दशकात कोरियांनी बेलापूरला जी वसाहत आखली, मध्ये अंगण, भोवती सात घरं, कुणाची भिंत कुणाला लागून नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्यानं शेजाऱ्याला न विचारता वाढवावं, तिच्यातही हाच विचार दिसतो.

प्रेवीत आज फिरताना मूळ घर शोधून काढावं लागतं. तळमजल्यावर वाण्याचं दुकान, वर मुलाचा संसार, त्याच्या वर भाडेकरू. स्टर्लिंगनी आखलेली गोल खिडकी कुठं उरली आहे, कुठं बुजली आहे. कोरियांच्या लांबट घरांवरही मजले चढलेत. आणि आपल्या तालुक्याच्या गावी दिसतं तसंच इथल्या गच्च्यांवरही दिसतं: पुढच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया तशाच वर सोडून दिलेल्या, गंजलेल्या, पैसे आले की स्लॅब टाकायला.